आषाढातली माघार : माळवा, मुकुंदऱ्याची खिंड आणि १८०४ चा पाऊस

वाचकहो, आपल्यापैकी जे ग्वाल्हेरचे आहेत त्यांचे घर बहुधा लष्करात असेल, आणि जे इंदूरचे आहेत त्यांच्या नातेवाइकांपैकी कोणीतरी छावणीत राहिलेले असेल. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना या शब्दांचा अर्थ कोणाच्या मनात येत नाही. लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस टाकलेला तळ. तो पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले आणि तळाचे शहर झाले. इंदूरची छावणी त्यामानाने अलीकडची, इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या आसऱ्याने वाढलेली. पण शब्द आपला आहे आणि जुना आहे. छावणे म्हणजे छप्पर घालणे. फौज राहुट्या ठोकून चार दिवस उतरली तर तो मुक्काम. पावसाळा काढण्यासाठी गवतापाल्याची छपरे घालून बसली तर ती छावणी.

माळव्यातल्या मराठी माणसाची हकीकत सांगताना आपण लढायांच्या तारखा सांगतो, सरदारांची नावे सांगतो, कोणाला कोणता परगणा मिळाला ते सांगतो. त्या तारखा बऱ्याच अंशी उन्हाने आणि पावसाने ठरवल्या होत्या, हे मात्र सांगायचे राहून जाते. या व्याख्यानात मला तेवढेच सांगायचे आहे, आणि त्यासाठी एकच प्रसंग निवडला आहे : १८०४ च्या पावसाळ्यातली कर्नल मॉन्सनची माघार. यशवंतराव होळकरांचा हा फार मोठा विजय. लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मी तो ऐकला तेव्हा त्यात घोडी होती, भाले होते, पळणारे गोरे होते; पाऊस जेमतेम एका वाक्यापुरता होता. पुढे जसजसे वाचत गेलो तसतसा गोष्टीतला पाऊस वाढत गेला. त्याबरोबर काही गोष्टी अशाही हाती आल्या की त्या सांगताना अभिमानाचा सूर थोडा खाली आणावा लागतो. त्या मी गाळणार नाही.

आधी जमीन पाहू. महूजवळ जानापाव नावाचा डोंगर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेआठशे मीटर उंच. चंबळ तिथे उगम पावते. नर्मदेचे खोरे तिथून हाकेच्या अंतरावर असावे असे वाटते, पण चंबळ त्याच्याकडे पाठ फिरवून उत्तरेला निघते. याचे कारण विंध्याची ठेवण. दक्षिणेकडे तो एकदम तुटतो आणि खाली निमाड पसरते. उत्तरेकडे त्याचा उतार इतका सावकाश आहे की आपण उतरतो आहोत हे कळतही नाही. त्यामुळे क्षिप्रा, काळी सिंध, पार्वती, माळव्याचे सारे पाणी उत्तरेची वाट धरते. ते तसेच पुढे गेले की मुकुंदऱ्याचे डोंगर आडवे येतात. जवळजवळ समांतर अशा दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये चिंचोळी दरी, अशी त्यांची रचना. नद्यांनी ते डोंगर जागोजाग फोडले आहेत. गाड्या-तोफा घेऊन जाणाऱ्या माणसाला मात्र सोयीची वाट मुकुंदऱ्याच्या खिंडीचीच. खिंडीच्या दक्षिणेस माळवा, उत्तरेस कोटा-बुंदीचा हाडोती मुलूख. आज दिल्ली-मुंबई लोहमार्ग याच खिंडीतून जातो. दरा नावाचे स्टेशन लागते, गाडी पाच-दहा मिनिटे झाडीतून वळणे घेत जाते. पुढच्या वेळी त्या मार्गाने गेलात तर खिडकीतून जरूर पाहा.

या मुलखातला उन्हाळा एकसारखा नाही. वैशाखात मांडूच्या कड्यावर दुपारी उभे राहिले की खालून येणारी झळ तोंडावर लागते. कोरडी हवा शंभर मीटर खाली उतरली की साधारण एका अंशाने तापते. इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि महेश्वर त्याच्या सुमारे चारशे मीटर खाली, म्हणजे एका दिवसाच्या चालीत चार अंशांचा फरक. रात्री तो आणखी जाणवतो. माळव्याचे पठार उंच आणि मोकळे असल्यामुळे सूर्य बुडाला की ते लवकर निवते. माळव्याच्या रात्रींचे कौतुक ‘शब-ए-मालवा’ म्हणून जे झाले ते यामुळेच. निमाडात, नर्मदेकाठी, खडक रात्रीही ऊब सोडत राहतात. थोरले बाजीराव वारले ते याच खोऱ्यात, रावेरखेडीला, वैशाख शुद्ध त्रयोदशीस, २८ एप्रिल १७४० रोजी. त्यांना ज्वर होता एवढे नक्की. तो उष्माघाताचा होता असे पुष्कळ जण मानतात. मी वैद्य नाही, तेव्हा निकाल देत नाही. पण एप्रिलअखेर रावेरखेडीला गेलेल्या माणसाला ती कल्पना अशक्य वाटत नाही.

ज्येष्ठ लागला की या तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढू लागते आणि अरबी समुद्राकडून दमट वारा आत खेचला जातो. दमट हवेला डोंगराचा उठाव मिळाला की ढग उभे वाढतात, दहा-बारा किलोमीटरपर्यंतसुद्धा. आधी धुळीची आंधी, मग एकदम गार झोत, मग टपोरे थेंब, विजा, गारा. त्या ढगातले पाणी खाली येताना आपल्याबरोबर वरची थंड हवा ओढून आणते, तोच तो गार झोत. हा वळीव. तो तास-दोन तास धिंगाणा घालून निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी जमीन पुन्हा वाळते. खरा पाऊस त्यानंतरचा. बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी झाला की तो पट्टा मध्य भारतावरून वायव्येकडे सरकतो आणि माळवा-हाडोतीवर झड लावतो. दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. वळिवाने नाले वाहतात. झडीने नद्या तट सोडतात.

आणि जमीन काळी. माळव्याची कपाशीची काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की बैलाचा पाय अडकावा. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. पहिल्या दोन-तीन सरी भेगा गिळून टाकतात, आणि मग सगळा मुलूख गोंद होतो. गाडीची चाके तुंब्यापर्यंत रुततात, बैल गुडघे टेकतो, चिखल चाकाला इतका चिकटतो की चाक फिरेनासे होते. त्या काळी आषाढात कोणी शहाणा माणूस गाडी घेऊन गावाबाहेर पडत नसे.

आता आपले पूर्वज पंचांग पाहून का लढत हे उलगडते. दसऱ्याला सीमोल्लंघन, अक्षय तृतीयेच्या आसपास परतीची घाई, मृगाच्या आत घर किंवा छावणी. हा धर्माचा भाग झाला असेल, पण पाया दाणावैरणीचा आणि नद्यांच्या उताराचा होता. दसऱ्याला नद्या पायउतार होतात, ज्वारी भरत आलेली असते, घोड्याला गवत मिळते. चिमाजी अप्पांनी नर्मदा ओलांडून अमझेऱ्याला गिरधर बहादुराला गाठले ते १७२८ च्या नोव्हेंबरअखेर. माळव्याचे दार आपल्याला उघडले ते या लढाईने, आणि ती त्या महिन्यात झाली हा योगायोग मुळीच नव्हता.

हा हिशोब आपल्याइतकाच बारकाईने मांडला तो एका शत्रूने. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मराठ्यांशी लढायचे तर पावसाळ्यातच लढावे, असे त्याने १८०१ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले. त्याचा विचार असा : मराठ्यांचे बळ घोडदळाच्या वेगात आहे, आणि भरलेली नदी तो वेग मारते, आपल्याकडे नावा असल्या तर नदी आपल्याला अडणार नाही, त्यांना अडेल. १८०३ मध्ये त्याने तसेच केले. ऑगस्टच्या भर पावसात अहमदनगरचा किल्ला घेतला, कातडे मढवलेल्या टोपल्यांच्या नावा करवून गोदावरी ओलांडली, आणि सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी गाठ घातली. आपण चातुर्मासात बसतो हे त्याला ठाऊक होते, आणि त्याच महिन्यांत त्याने आपल्याला गाठले. हे लक्षात ठेवून १८०४ कडे या.

असईनंतर शिंदे आणि भोसले तहाला आले. उरले यशवंतराव होळकर. १८०४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याशी युद्ध पुकारले गेले. जनरल लेक हिंदुस्थानातून जयपुराकडे सरकला. मेच्या मध्यास त्याच्या फौजेने टोंक-रामपुऱ्याचा किल्ला घेतला. (दोन रामपुरे आहेत, वाचकांनी घोळ करू नये. एक हा, जयपुराच्या दक्षिणेचा, टोंकाजवळचा. दुसरा माळव्यातला, भानपुऱ्याच्या जोडीने ज्याचे नाव घेतात तो. दोन्ही होळकरांचे, त्यामुळे जुन्या लेखकांचीही गफलत झाली आहे.) किल्ला घेतला खरा, पण तोवर ज्येष्ठाचे ऊन पेटले होते. लेकने मुख्य फौज आग्रा-कानपुराकडे परत नेली. त्या परतीत शत्रू कोणी नव्हता. तरी वाटेत माणसे पडत गेली. गोरे शिपाई तंबूत मरत, चालता चालता मरत. लेकच्या घोडदळातला अधिकारी विल्यम थॉर्न याने या मोहिमेवर पुस्तक लिहिले, ते १८१८ मध्ये छापले गेले. त्यातली या कूचाची पाने वाचवत नाहीत. यशवंतरावांचा एक बारही न उडता त्यांच्यापुढची सर्वांत मोठी फौज उन्हाने मागे नेली.

मागे राहिला कर्नल विल्यम मॉन्सन, पाच पलटणी, तोफा आणि काही हजार घोडा घेऊन. पलटणींतले शिपाई बहुतेक अवध-बिहारकडचे पुरबिये. त्याला काम दिले होते ते बुंदी-लाखेरीकडच्या खिंडी राखण्याचे. तो तेवढ्यावर थांबला नाही. मुकुंदऱ्याची खिंड गाठली, तीही ओलांडली, माळव्यात उतरून २ जुलैला हिंगलाजगड घेतला, आणि चंबळेच्या दिशेने खिंडीपासून सुमारे पन्नास मैल पुढे गेला. भरवसा होता तो गुजरातेतून उज्जैनीकडे निघालेल्या कर्नल मरेवर. एकाने पश्चिमेकडून यायचे, एकाने उत्तरेकडून, होळकर मध्ये सापडणार, असा बेत.

नकाशावर बेत चांगला होता. ज्या आठवड्यात तो अमलात यायचा होता त्या आठवड्यात झड लागली. मॉन्सनजवळ दोन दिवसांचा शिधा उरला होता. आणि ७ जुलैच्या सुमारास दोन बातम्या लागोपाठ आल्या : मरे मही नदीकडे माघारी वळला आहे, आणि यशवंतराव सगळ्या फौजेनिशी चंबळ उतरून येत आहेत. मरेने पुढे विचार बदलला आणि उज्जैनीत शिरला, ऑगस्टच्या अखेरीस इंदूरही घेतले. पण मॉन्सनला त्या वळण्याने जे व्हायचे ते झाले.

८ जुलैच्या पहाटे मॉन्सन मागे फिरला. पंचांगाचा हिशोब मांडला तर आषाढ नुकताच लागला होता. कालिदासाने आपला मेघ धाडला तो याच दिवसांत आणि याच मुलखावरून : उज्जयिनी, मग चर्मण्वती म्हणजे आपली चंबळ, मग दशपूर म्हणजे मंदसोर. साहित्याच्या व्यासपीठावर हा उल्लेख टाळणे मला जमले नाही, क्षमा असावी.

पिछाडीला लेफ्टनंट ल्यूकन घोडदळासह ठेवला होता. हा पूर्वी शिंद्यांच्या फ्रेंच सरदाराच्या नोकरीत होता. १८०३ मध्ये इंग्रजांना अलीगढच्या किल्ल्यात वाट दाखवली ती यानेच. गरोठच्या बाजूला होळकरांनी त्याला गाठले, त्याचे घोडदळ मोडले, तो कैद झाला. कोट्याच्या फौजेतला कोयल्याचा हाडा ठाकूर अमरसिंह तिथे लढताना पडला. मॉन्सनबरोबर असलेले बापूजी शिंदे पुढे होळकरांना मिळाले. मुकुंदऱ्याच्या खिंडीत मॉन्सन एक दिवस तग धरून राहिला. यशवंतरावांनी हत्यारे खाली ठेवण्याचा निरोप पाठवला, त्याने तो नाकारला, त्या दिवसाचा हल्लाही परतवला. हे त्याच्या शिपायांच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे. पण खिंडीला पाठीमागूनही वाटा आहेत, आणि शिधा संपला होता. १२ जुलैला तो कोट्याच्या वेशीशी आला.

कोट्याचा कारभार झाला जालिमसिंहाच्या हाती होता. त्याने दरवाजा उघडला नाही. इंग्रजांनी त्याला दगाबाज म्हटले. पुढे राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडने त्याची बाजू मांडली : शहरात येऊ नका, तटाखाली उतरा, मी रसद देतो आणि पाठीशी उभा राहतो, असे तो म्हणाला होता, पण मॉन्सनने विश्वास ठेवला नाही. मला टॉडचे म्हणणे पटते. मोडलेली, भुकेली फौज शहरात घेणे म्हणजे काय हे त्या काळचा कोणताही कारभारी जाणत होता. शिवाय यशवंतराव आज ना उद्या दाराशी येणार हेही उघड होते, आणि ते आलेच. टॉड सांगतो, त्या दोघांची भेट भरलेल्या चंबळेच्या मध्यावर नावांत झाली, कारण कोणीही दुसऱ्याच्या काठावर उतरायला तयार नव्हता. एकमेकांना काका-पुतण्या म्हणत त्यांनी खंडणीचा आकडा ठरवला म्हणे. टॉडला रंग भरायची सवय आहे, पण हे चित्र त्या पावसाळ्याला शोभते.

मॉन्सन कोट्याच्या खाली काही मैलांवर चंबळ उतरला, आणि त्याला वाटले असेल की नदी मागे पडली, आता आपण सुटलो. तिथून पुढे मात्र त्याची गाठ चिखलाशी पडली. १५ जुलैला तोफा हलेनात. बैल लावले, हत्ती लावले, शिपाई दोरांना लागले. शेवटी दारूगोळा नष्ट केला, तोफांच्या कान्यांत मेखा ठोकल्या आणि त्या तिथेच सोडल्या. नक्षत्र पुनर्वसू होते. आपल्याकडे शेतकरी पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरण्या पावसाच्या तावडीत ती फौज सापडली होती.

१७ जुलैला चंबळी आडवी आली. नावावरून चंबळेची धाकटी बहीण वाटते. आहे ओढ्यासारखी छोटी नदी. उन्हाळ्यात तिच्यात म्हशी बसत असतील. त्या दिवशी ती उतरण्याजोगी नव्हती. तिथीने आषाढी एकादशी त्याच दिवसांत येते. इकडे पंढरपुरात चंद्रभागेवर नावा लागल्या असतील, तिकडे चंबळीवर नाव नव्हती. गोरे गोलंदाज हत्तींवरून पलीकडे नेले. पलटणींसाठी लाकडांचे तराफे बांधले. हे दिवसचे दिवस चालले, मागून होळकरांचे घोडदळ टोचत राहिले, आणि तराफे पुरेनात.

आता जी गोष्ट सांगतो ती आमच्या घरच्या हकीकतीत नव्हती. त्या काळच्या पलटणीबरोबर शिपायांची बायकामुले चालत. सगळ्यांत शेवटी अलीकडच्या काठावर उरली ती तीच. त्यांच्यासाठी ना हत्ती उरले ना तराफे. जवळच्या डोंगरांतले भिल्ल उतरले आणि पलीकडच्या काठावरून नवरे, बाप पाहत असताना त्यांतल्या अनेकांना त्यांनी कापून काढले. हे इंग्रज लेखकांनी लिहिले आहे, आणि ते भिल्ल होळकरांच्या पक्षाचे होते असेही लिहिले आहे. भिल्लांच्या बाजूने कोणी काही लिहून ठेवलेले नाही. त्या डोंगरांतून इंग्रजांच्या, शिंद्यांच्या, होळकरांच्या, पेंढाऱ्यांच्या फौजा वर्षानुवर्षे जात-येत होत्या, त्यांनी तिथे काय केले याचीही नोंद कोणी ठेवली नाही. पण काठावर काय झाले ते झाले. आपण जेव्हा या माघारीला ‘मॉन्सनची फजिती’ म्हणून हसतो, तेव्हा त्या हसण्यात हा काठ येतो का, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे.

जुलैच्या शेवटी मॉन्सन टोंक-रामपुऱ्याला पोहोचला. आग्र्याहून दोन पलटणी, काही तोफा आणि धान्य आले. ताज्या कुमकेनिशी तिथेच पाय रोवायचा की परतायचे, या विचारात त्याने जवळजवळ तीन आठवडे घालवले. ते तीन आठवडे म्हणजे बनास भरण्याचा काळ. २१ ऑगस्टला तो निघाला आणि दुसऱ्या दिवशी बनासच्या काठाशी अडकला. २४ ला पाणी थोडे उतरले. फौज पलीकडे जाऊ लागली, आणि अर्धी पलीकडे असताना होळकरांनी अलीकडच्या पिछाडीवर झडप घातली. ती तुकडी जवळजवळ संपली. नक्षत्र मघा. मघांच्या पावसाला आपल्याकडे सासूंचा पाऊस म्हणतात. तिथून खुशालगढ, हिंडौन, बयानाची खिंड, आणि ३१ ऑगस्टला फौजेतले उरलेले लोक आग्र्यात शिरले. वाटेत फळी मोडली होती. शेवटच्या टप्प्यात ज्याला जसे जमेल तसा तो आला.

आता प्रश्न असा की हे यशवंतरावांचे कर्तृत्व की पावसाचे? काही इंग्रज लेखकांनी सारे पावसावर ढकलले, कारण पावसाकडून हरण्यात अब्रू जात नाही. आपल्या लेखकांनी पाऊस बाजूला सारला, कारण पावसाच्या मदतीने जिंकण्यात तेवढी मौज नाही. मला वाटते दोन्ही बाजूंनी यशवंतरावांचे खरे शहाणपण झाकले. त्यांनी केले ते असे : ज्या महिन्यांत आपल्या लोकांनी बसायचे, त्या महिन्यांत ते उठले. चंबळ त्यांनी झडीत ओलांडली. पायदळ आणि जड तोफा मागे सावकाश येऊ दिल्या आणि पुढे निव्वळ घोडा काढला, कारण त्या मातीत त्यांच्या तोफांची गतही मॉन्सनच्या तोफांसारखीच होती. चिखलात घोडाही दमतो, पण रुतत नाही, आणि घोडेस्वाराला नदीकाठी वाट पाहायला परवडते. नदीने अडवलेल्या माणसाला गाठायचे तर नदी ओलांडण्याची घाई नसते. वेलस्लीने मांडलेला हिशोब त्यांनी उलटा वाचला होता : भरलेली नदी जो पळतो त्याला अडवते, मग तो कोणीही असो. खिंडीत हल्ला फसल्यावर त्यांनी तिथे माणसे वाया घालवली नाहीत. मुलूख त्यांचा होता; पुढे किती पाणी लागणार हे त्यांना माहीत होते.

वेलस्लीनेही हे ओळखले. त्या सप्टेंबरात लिहिलेल्या एका पत्रात त्याने मॉन्सनच्या माघारीची चिरफाड केली आहे. रसदीवाचून पुढे जाऊ नये, रसदीसाठी दोस्त राजांवर विसंबू नये, आणि वाटेतली जी नदी भरण्याचा संभव आहे तिच्यावर आधीच चौकी बसवावी व नावा ठेवाव्यात, असे त्याचे सांगणे. सेनापतीपेक्षा एखाद्या अनुभवी नावाड्याने दिलेला सल्ला वाटावा इतके ते साधे आहे.

पुढची हकीकत थोडक्यात. पाऊस ओसरला. ऐन मोहिमेचा काळ आला, आपल्या पंचांगाचा. यशवंतराव मथुरेपर्यंत गेले, दिल्लीला वेढा घातला, तो उठवावा लागला. रस्ते वाळले होते, लेकचे घोडदळ आता अडखळत नव्हते. १७ नोव्हेंबरला फर्रुखाबादेत त्याने होळकरांचा तळ पहाटे झोपेत गाठला. त्याच्या चारच दिवस आधी, कार्तिकी एकादशीच्या सुमारास, भरतपूरच्या मुलखात डीगला होळकरांच्या पायदळाशी इंग्रजांची मोठी लढाई झाली होती. जनरल फ्रेझर जबर जखमी होऊन पडला आणि फौजेची सूत्रे त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने घेतली. तो अधिकारी कर्नल मॉन्सन. संध्याकाळी ज्या तोफा त्याच्या हाती आल्या त्यांत काही अशा होत्या की ज्या चार महिन्यांपूर्वी, तरण्या पावसात, मेखा ठोकून त्यानेच सोडल्या होत्या. कोणीतरी त्या चिखलातून उकरून, मेखा काढून, बैल लावून डीगपर्यंत आणल्या होत्या. ते काम होळकरांच्या कोणत्या गोलंदाजाने केले, त्याचे नाव कुठे सापडत नाही.